सत्र संपतं म्हणजे नेमकं काय होतं?

वर्धा रोडने नागपूरच्या बाहेर पडलं, विमानतळ मागे टाकला आणि खापरी आली की उजव्या हाताला मिहान सुरू होतं. विमानतळाला जोडून मालवाहतुकीचं केंद्र आणि विशेष आर्थिक क्षेत्र उभारायची ही योजना. त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी 2002 मध्ये स्थापन झाली. पुढे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, विमानांच्या दुरुस्तीचा तळ आला. हळूहळू मिहान विद्यार्थ्यांचंही झालं. एम्स इथेच आहे, आयआयएमचा परिसर दहेगावात आहे आणि कंपन्यांत प्रशिक्षणासाठी येणारी नागपूर विद्यापीठाची मुलं-मुली सकाळी मेट्रोने खापरीला उतरतात.

एप्रिलच्या शेवटी या तिघांना ‘सत्र संपलं का?’ असं विचारलं तर तीन वेगळी उत्तरं मिळतील, आणि तिन्ही बरोबर असतील. एकाच रस्त्याच्या आजूबाजूला इथे तीन वेळापत्रकं चालतात. त्यातलं विद्यापीठाचं वेळापत्रक सगळ्यांत गुंतागुंतीचं, आणि ते समजावून सांगणारं माणूस घरात नसलेली मुलंही तिथेच सगळ्यांत जास्त. म्हणून आधीची दोन थोडक्यात सांगतो.

एम्स नागपूर 2018 मध्ये 50 विद्यार्थ्यांवर सुरू झालं. सुरुवातीचे वर्ग शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात भरत. मिहानमधल्या वास्तूचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते 11 डिसेंबर 2022 रोजी झालं. एमबीबीएस साडेचार वर्षांचं आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. इथली गणती सहा-सहा महिन्यांच्या सत्रांवर चालत नाही. ठरावीक टप्प्याच्या शेवटी व्यावसायिक परीक्षा येते, तिला मुलं ‘प्रोफ’ म्हणतात. प्रवेश नीटनंतरच्या समुपदेशनातून होतात आणि पावसाळ्यात किंवा त्याही पुढे जातात. त्यामुळे बाहेरची मुलं पेपर देऊन गावी निघतात तेव्हा पहिल्या वर्षाचा वैद्यकीय विद्यार्थी शरीररचनाशास्त्राच्या मध्यावर असतो. वरच्या वर्गातल्यांना तर उन्हाळा वॉर्डातच काढायचा असतो, कारण उष्माघाताचे रुग्ण नेमके तेव्हाच येतात.

आयआयएम नागपूर 2015 चं. आयआयएम अहमदाबादच्या मार्गदर्शनाखाली व्हीएनआयटीच्या आवारात ते सुरू झालं आणि दहेगावच्या कायमच्या परिसराचं उद्घाटन 8 मे 2022 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहा टर्ममध्ये विभागलेला. एक टर्म साधारण तीन महिन्यांची. पहिल्या वर्षाची तिसरी टर्म मार्चच्या आसपास संपते आणि विद्यार्थी लगेच दोन महिन्यांच्या समर इंटर्नशिपला जातात. ती इंटर्नशिप आदल्या हिवाळ्याच्या तोंडावरच ठरलेली असते. म्हणजे आयआयएममध्ये ज्याला सुट्टी म्हणावं असा उन्हाळा पहिल्या वर्षाला मिळतच नाही, आणि दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पदवी हातात घेऊन कायमचेच निघतात.

आता विद्यापीठ. नागपूर विद्यापीठाची स्थापना 4 ऑगस्ट 1923 ची. 2005 पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखलं जातं. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. विषम सत्रांची परीक्षा हिवाळी आणि सम सत्रांची उन्हाळी, अशी इथली विभागणी. उन्हाळी परीक्षा एप्रिलमध्ये सुरू होते आणि अभ्यासक्रमांच्या गर्दीमुळे जूनपर्यंतही लांबते.

विद्यार्थ्याचं सत्र मात्र पहिल्या पेपरच्या बरंच आधी संपायला लागतं. पहिला भाग सबमिशनचा. जर्नल पूर्ण करायचं, प्रत्येक प्रयोगावर सरांची किंवा मॅडमची सही घ्यायची, विभागप्रमुखांचं प्रमाणपत्र लावायचं. सेशनल परीक्षा, असाइनमेंट आणि हजेरी मिळून अंतर्गत गुण ठरतात आणि कॉलेज ते विद्यापीठाला कळवतं. हे गुण सत्राच्या शेवटच्या महिन्यातच कळवले जातात. पेपर कितीही चांगला गेला तरी इंटर्नल मागाहून वाढवून मिळत नाहीत. कळवण्याआधी प्रत्येक विभागाने ते फलकावर लावावेत, असं मला मनापासून वाटतं. एखाद्या मुलीची असाइनमेंट नोंदवायची राहिली असेल तर ते तिला तेव्हाच कळलं पाहिजे. निकालात कळून उपयोग नसतो.

दुसरा भाग परीक्षा अर्जाचा आणि हॉल तिकिटाचा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा भाग पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतला विषय, कौशल्याचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञानप्रणालीचा असे अनेक तुकडे आता एका सत्रात असतात. वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांचेही विषय वेगळे असू शकतात. म्हणून मैत्रिणीचा अर्ज बघून आपला भरू नये. हॉल तिकीट हातात आलं की नाव आणि फोटो तपासून थांबू नये. प्रत्येक विषयाचा कोड अभ्यासक्रमाच्या पत्रकाशी ताडून पाहावा. कोड चुकला तर केंद्रावर त्याच कोडाची प्रश्नपत्रिका समोर येते. पेपरच्या आठ दिवस आधी ही चूक कॉलेजच्या कार्यालयातून दुरुस्त होण्याची शक्यता असते, पेपरच्या सकाळी ती फारच कमी होते.

मग प्रॅक्टिकल आणि व्हायवा. बाहेरून परीक्षक येतात, त्यांना मुलं ‘एक्स्टर्नल’ म्हणतात. प्रयोग बिघडला तरी तो का बिघडला हे नीट सांगणाऱ्याला बहुतेक परीक्षक गुण देतात, त्यामुळे आपलं जर्नल आपण लिहिलेलं असण्याला इथे खरी किंमत येते.

लेखी परीक्षेबद्दल बोलताना नागपुरात उन्हाचं बोलावंच लागतं. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश तापमान नोंदवलं गेलं. दरवर्षी इतकं होत नाही, पण 44-45 अंश ही मे महिन्याची नेहमीची गोष्ट. विदर्भातल्या शाळासुद्धा या उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. खोली करून राहणाऱ्या मुलांच्या खर्चात म्हणूनच कूलरचं भाडं वेगळं धरलेलं असतं. कूलरही एका मर्यादेपर्यंतच काम करतो: तो पाण्याच्या बाष्पीभवनातून हवा थंड करतो, त्यामुळे कोरड्या एप्रिल-मेमध्ये उत्तम चालतो आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर खोली नुसती दमट करतो. खिडकी बंद ठेवली तर आधीही तेच होतं. अभ्यास पहाटे आणि रात्री, दुपारी झोप, दुपारचा पेपर असला तर डोक्याला दुपट्टा आणि पाण्याची बाटली, हा इथला रिवाज शरीराला धरूनच पडलेला आहे. पेपरच्या दिवशी उपाशीपोटी उन्हात निघणाऱ्या मुलांची मला खरंच काळजी वाटते. घोटभर पन्हं किंवा मीठ-साखरेचं पाणी घेऊन निघायला दोन मिनिटं पुरतात.

आता गुणांचं गणित, कारण ते बहुतेकांना निकालाच्या दिवशी पहिल्यांदा कळतं. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तास शिकवणं, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास काम. सत्राला 20 ते 22 क्रेडिट. मिळालेल्या गुणांवरून 10 पैकी ग्रेड पॉइंट ठरतो. समजा, पाच विषय 4 क्रेडिटचे आहेत आणि त्यांत 6, 7, 8, 5 आणि 9 पॉइंट मिळाले. सहावा विषय 2 क्रेडिटचा, त्यात पैकीच्या पैकी 10. सहा आकड्यांची साधी सरासरी 7.5 येते. एसजीपीए, म्हणजे सत्राची ग्रेड सरासरी, तसा काढत नाहीत. प्रत्येक पॉइंटला त्याच्या क्रेडिटने गुणायचं: पहिल्या पाचांचे 140, सहाव्याचे 20, एकूण 160. त्याला 22 ने भागलं की 7.27. दोन क्रेडिटच्या विषयातले दहा पॉइंट निकालाला फारसे वर खेचत नाहीत. याचाच दुसरा अर्थ असा की, 5 पॉइंटच्या त्या विषयात 6 मिळाले असते तर एसजीपीए सुमारे 0.18 ने वाढला असता, आणि दोन क्रेडिटच्या विषयात एक पॉइंट वाढून त्याच्या निम्मीच वाढ होते. पेपरांच्या मध्ये मोजकेच दिवस असतील तेव्हा ते कुठे घालवायचे, हे या हिशेबावरून ठरवावं.

हे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि विद्यार्थ्याच्या ‘अपार’ ओळख क्रमांकाशी जोडले जातात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला याचा थेट संबंध येतो. दोन सत्रांचे 40 ते 44 क्रेडिट पूर्ण करून उन्हाळ्यात कौशल्याचा 4 क्रेडिटचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटणार असेल तर ही वाट माहीत असावी. नुसतंच येणं बंद केलं तर हातात काहीच राहत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दुसऱ्या सत्रात 4 क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रकार्य करावं लागतं. तीस तासांचा हिशेब धरला तर 120 तास, म्हणजे रोजचे सहा तास धरून वीस दिवस. मिहान इथे विद्यापीठाशी जोडलं जातं. पण विशेष आर्थिक क्षेत्राच्या फाटकातून कुणालाही सहज आत जाता येत नाही. प्रवेशपत्र लागतं आणि ते कंपनीच्या मागणीवरून मिळतं. आधी कॉलेजचं पत्र, मग कंपनीचा होकार, मग प्रवेशपत्र. यात बरेच दिवस जातात. पेपर संपल्यावर जागा शोधायला निघालं तर जून उजाडतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच पत्र घ्यावं. रोजच्या कामाची नोंद आणि तिच्यावर कंपनीतल्या मार्गदर्शकाची सही त्या त्या दिवशी घ्यावी. मिहानच्या आत अंतरं मोठी आहेत, खापरी स्टेशनपासून पुढे भर उन्हात पायी जाणं शक्य नसतं. कंपनीची बस कुठून निघते हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

राहिला निकाल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 सांगतो की शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत, आणि उशीर झाला तरी 45 दिवसांच्या आत, निकाल लागला पाहिजे. निकाल उशिरा लागला तर पुढचे प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरीचं रुजू होणं, सगळं अडतं, म्हणून विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ही मुदत लक्षात ठेवून लेखी विचारणा करायला कचरू नये.

एखाद्या विषयात अनपेक्षित गुण दिसले तर थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय खटल्यात 9 ऑगस्ट 2011 रोजी स्पष्ट केलं. प्रत आली की आधी बेरीज करावी, मग प्रत्येक प्रश्नाला गुण दिलेत का, पुरवणी तपासली आहे का, ते पाहावं. नंतर ती प्रत विषय शिकवणाऱ्या सरांना दाखवावी. गुण वाढण्याजोगे आहेत असं ते म्हणाले तरच पुढचं शुल्क भरावं.

या अर्जांची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते आणि ती थोड्याच दिवसांची असते. निकाल लागतो तेव्हा मुलं गोंदियाला, आर्वीला, तुमसरला घरी असतात किंवा मिहानमध्ये ट्रेनिंगला. म्हणून गावी निघण्यापूर्वी विद्यापीठाच्या पोर्टलचा पासवर्ड, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि कॉलेजच्या परीक्षा विभागाचा नंबर, तिन्ही जवळ असावेत. एखादा विषय राहिला तरी एटीकेटीच्या नियमात बसत असाल तर पुढच्या सत्राला प्रवेश मिळतो आणि राहिलेला पेपर नंतरच्या परीक्षेत देता येतो. त्यासाठी पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट पाहत प्रवेशाची तारीख घालवू नये. दोन्ही अर्ज एकाच वेळी करावेत.