मोटारसायकलसाठी इंजिन ऑइलची निवड

शेतावर जाणे-येणे, दूध पोचविणे, कळमनुरी किंवा हिंगोलीहून खत-बियाणे आणणे ही कामे आता बहुतांशी मोटारसायकलवर होतात. घरी ट्रॅक्टर असल्यास त्याच्याच डब्यातील ऑइल मोटारसायकलमध्ये ओतण्याचा मोह होतो. त्यात चार पैसे वाचतात, परंतु क्लच प्लेटा खराब झाल्यास त्याहून कितीतरी अधिक खर्च येतो. म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

वेगळे ऑइल का?

जुन्या राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत व ते जळून जाई. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आल्यावर फोर-स्ट्रोक गाड्यांचा प्रसार वाढला. या गाड्यांत सर्वसाधारणपणे एकच ऑइल इंजिन, गिअर व क्लच या तिन्हींत फिरते. क्लच प्लेटांची पकड घर्षणावर अवलंबून असते. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. असे ऑइल घातल्यास क्लच घसरू शकतो. इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. ट्रॅक्टरचे ऑइल डिझेल इंजिनसाठी असते. ते मोटारसायकलच्या क्लचला चालेलच याची खात्री नसते.

डब्यावर काय पाहावे?

१) जासो एमए किंवा एमए-२ : गिअरच्या मोटारसायकलसाठी ही खूण असलेले ऑइल घ्यावे. एमबी हा प्रकार बिनगिअरच्या स्कूटरसाठी आहे.

२) एसएई क्रमांक : उदा. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०. पहिला आकडा थंड इंजिनातील, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील ऑइलचा दाटपणा दर्शवितो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांवर जातो, म्हणून जाड ऑइल घालावे असा समज आहे. परंतु इंजिनच्या आतील उष्णता याहून बरीच जास्त असते व ती धरूनच कंपनी शिफारस करते. जरुरीपेक्षा जाड ऑइलमुळे पेट्रोल जास्त लागते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांकच वापरावा.

३) एपीआय दर्जा : एसएल, एसएन अशी अक्षरे असतात. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. पुस्तिकेतील दर्जापेक्षा जुना घेऊ नये.

४) डबा सीलबंद असावा व पावती घ्यावी. सुटे ऑइल टाळावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

ऑइलची पातळी गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून दर आठवड्यास तपासावी. धुळीच्या रस्त्यावर किंवा नेहमी ओझे वाहणाऱ्या गाडीचे ऑइल पुस्तिकेतील मुदतीच्या आधी बदलावे. एअर फिल्टरही स्वच्छ ठेवावा. काढलेले काळे ऑइल पुन्हा वापरू नये. ते बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ न ओतता, झाकणाच्या डब्यात साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

थोडक्यात, दुकानात जाताना गाडीची पुस्तिका बरोबर न्यावी. दुकानदार सांगेल ते ऑइल न घेता, पुस्तिकेतील क्रमांक व डब्यावरील खूण जुळवूनच खरेदी करावी.