एक वाघ, तीन दप्तरं

ऑक्टोबर 2022मध्ये गडचिरोलीच्या वडसा वनविभागात ‘सीटी-1’ हा वाघ बेशुद्ध करून पकडला गेला. त्याच्या नावावर 13 माणसांचे बळी होते : वडशात 6, भंडाऱ्यात 4, ब्रह्मपुरीत 3. म्हणजे तीन जिल्हे आणि तीन वनविभागांची दप्तरं. वैनगंगा ओलांडायला वाघाला परवानगी लागत नाही; फाइलला लागते. या सगळ्या बळींमागे एकच जनावर आहे, हे कळायचं तर तिन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

माहिती एका जागी आणणं, ती निवडून स्वच्छ करणं आणि मग तिच्यावर गणित मांडणं हे काम आज मोठमोठ्या कंपन्या क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी असलेल्या सामाईक संगणकांवर करतात. आपल्या वाघांच्या बाबतीत हे काम होतं ते डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत.

आधी वाघ मोजताना प्रत्येक वनक्षेत्र पाऊलखुणा काचेवर उतरवून घेई आणि आपापला आकडा वर पाठवी. 2005च्या सुमारास राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदावर मात्र ते होते. 2006पासून पद्धत बदलली. आकडा जागेवर ठरवायचा नाही; कच्ची माहिती पाठवायची, हिशोब एकाच ठिकाणी, एकाच नियमाने होईल. 2010मध्ये ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली आली. आता ताडोब्यातला वनरक्षक बीटमध्ये चालताना विष्ठा, ओरखडे, पाऊलखुणा मोबाइलमध्ये नोंदवतो. जागा आणि वेळ जीपीएसमुळे आपोआप चिकटते.

खरी कसोटी ट्रॅप कॅमेऱ्याच्या, म्हणजे जनावर समोरून जाताच आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, मेमरी कार्डात असते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. त्यातल्या एकाचं घड्याळ चुकलेलं असलं, तर कुठली डावी बाजू कुठल्या उजव्या बाजूची याचा मेळ लागत नाही आणि एकाच वाघाचे दोन वाघ होऊ शकतात. संख्याशास्त्र कितीही भारी असलं, तरी ही घाण आधी कोणीतरी बसून निस्तरावी लागते. या कामाला ना प्रसिद्धी ना पुरस्कार, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

पसारा केवढा, तर 2018च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि 3 कोटी 48 लाखांवर फोटो निघाले. वाघाचे त्यात 76,651. साडेचारशे फोटोंमागे जेमतेम एक. प्राण्यांनुसार फोटो वेगळे करायला ‘कॅट्रॅट’ हे सॉफ्टवेअर, पट्टे जुळवायला दुसरं. त्यातून 2,461 वेगवेगळे वाघ ओळखले गेले. कोणता वाघ कुठे, किती वेळा टिपला गेला, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. अशा हिशोबाने देशाचा आकडा 2,967 झाला. महाराष्ट्राचे तेव्हा 312 वाघ होते, 2022मध्ये 444.

हे केंद्रीकरण योग्यच आहे. प्रत्येक विभागाने स्वतःचा हिशोब करण्यापेक्षा कितीतरी बरं. पण दर चार वर्षांनी येणारा अहवाल चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईच्या काय कामाचा? तिला कालचा वाघ आज कुठे आहे ते हवं. ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठेत कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसले, ते याच गरजेपोटी : वाघ दिसला की इशारा. माहिती डेहराडूनला जाण्याचा रस्ता पक्का झाला आहे, गावाकडे परतण्याचा अजून पाणंदच आहे.

पुढच्या गणनेचा आकडा जाहीर होईल, तेव्हा वाघ किती वाढले एवढंच विचारू नका. वडशात टिपलेला फोटो ब्रह्मपुरीच्या वनरक्षकाला किती तासांत मिळतो, हेही विचारा.