व्हालोरिसचा वाडगा घेताय?
दक्षिण फ्रान्समधलं, कान शहराजवळचं व्हालोरिस हे मुळात स्वयंपाकाची मातीची भांडी घडवणाऱ्या कुंभारांचं गाव. १९४७ पासून पिकासो इथल्या मादुरा कार्यशाळेत काम करू लागला आणि गावाचं नाव दूरवर गेलं.

मैत्रिणींनो, असा शोभेचा वाडगा घेताना आधी तो पालथा करून बुडाची सही, शिक्का पाहा. नुसतं ‘व्हालोरिस’ वाचून भुलू नका हं, प्रवाशांसाठी तिथे ढिगांनी माल निघाला! मग बोटानं हलकेच वाजवा. बद्द वाजला तर तडा असायचा.

आणि मुख्य म्हणजे, जुन्या झिलईत शिसं असू शकतं. आंबटात ते उतरतं. पाहुणे आले की मोह होतो खरा, पण कोशिंबीर, लोणचं त्यात मुळीच काढू नका. मुलांचा खाऊसुद्धा नको. किल्ल्या ठेवा, सुकी फुलं ठेवा.