‘प्लीज’ चवीपुरतं

‘कॅन यू पास द सॉल्ट?’ असं कुणी जेवताना विचारलं आणि तुम्ही ‘येस, आय कॅन’ म्हणून निवांत जेवत राहिलात, तर व्याकरणाचे पैकीच्या पैकी गुण मिळतील आणि यजमानीणबाईंचा एक जळजळीत कटाक्षही. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९७५ मध्ये अशाच मिठावर डोकं लढवलं होतं. वाक्य विचारतं एक, मागतं दुसरंच. मग ऐकणाऱ्याला ते कळतं तरी कसं? त्यांचा तो निबंध भाषाशास्त्रात आजही गाजतो.

खरी फसगत पुढे आहे. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ म्हणजे तुमची काही हरकत? खिडकी उघडायची तयारी असेल तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’. उत्साहाने ‘येस!’ म्हणालात तर शब्दशः हरकत नोंदवलीत. अर्थात, खुद्द इंग्रजही बऱ्याचदा ‘शुअर’ म्हणून उठतात. खिडकी उघडली की व्याकरण माफ!

मला सगळ्यात आवडते ती काळाची चलाखी. काम हवं असतं आत्ता, क्रियापद मात्र भूतकाळात: ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’ जणू विचार मघाशीच येऊन गेला, आता काही आग्रह नाही. ‘कॅन’चं ‘कुड’ आणि ‘विल’चं ‘वुड’ होतं ते याच चालीवर. हसू नका, आपणही ‘मी काय म्हणत होतो...’ अशीच सुरुवात करतो, आणि त्याआधी अवाक्षरही बोललेलो नसतो. शिवाय काम जितकं अवघड, तितकं वाक्य लांब. पेन चार शब्दांत मागता येतं, उसने पैसे नाही.

आणि ‘प्लीज’? ‘तुमची मर्जी असेल तर’ अशा अर्थाच्या लांबलचक वाक्प्रयोगाचं ते उरलेलं शेपूट. भाषाशास्त्रज्ञ लिन मर्फी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने कार्यालयीन ईमेल चाळले, तेव्हा विनंती करताना ब्रिटिश लोक अमेरिकनांच्या साधारण दुप्पट ‘प्लीज’ वापरतात असं दिसलं. अमेरिकन कानाला ते कधीकधी ‘किती वेळा सांगायचं!’ असं टोचतं.

नकाराचीही तऱ्हा न्यारी. ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणणारा मुळीच घाबरलेला नसतो. १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात बाहेर अडकलेल्या अंतराळवीराला हॅल नावाचा संगणक यानात घेत नाही, तेही ‘सॉरी’ आणि ‘अफ्रेड’ लावून. इतका सभ्य खुनशीपणा विरळाच.

संगणकांनाही मान लागतो म्हणा. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी थट्टा म्हणून ‘इंटरकॅल’ ही प्रोग्रॅमिंग भाषा रचली. तिच्यात ‘प्लीज’ कमी पडलं तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो. जास्त झालं तर फारच लाघवी म्हणून, तरीही नाकारलाच जातो.