मटार फ्रीजरमध्ये घालण्याआधी

थंडीत मटार स्वस्त असतो. तेव्हाच चार-पाच किलो सोलून ठेवला की उन्हाळ्यात चढ्या भावाने घ्यावा लागत नाही. पण कच्चे दाणे तसेच पिशवीत कोंबले तर काही आठवड्यांत त्यांना गवतासारखा उग्र वास येऊ लागतो. दोष फ्रीजरचा नाही. उणे 18 अंशांना जंतूंची वाढ थांबते. दाण्यातल्या विकरांचं काम मात्र फक्त मंदावतं. लिपॉक्सिजनेज हे विकर दाण्यातल्या स्निग्धांशावर हळूहळू काम करत राहतं आणि चव बिघडवतं.

म्हणून उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, मग तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात. उष्णतेने विकरं निकामी होतात, गार पाण्याने शिजणं थांबतं. रंगासाठी कुणी सोडा घालतात. तो टाळावा, दाणे गाळ होतात आणि क जीवनसत्त्व घटतं.

दाणे कोरडे करून ताटात एकेरी थरात गोठवावेत, पिशवीत नंतर भरावेत. ढिगात ते सावकाश गोठतात, आणि सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात. उसळीला हवे तेवढे काढून थेट फोडणीत टाकावेत.