इंग्रजी बोलायचं तर आधी कोणते शब्द?

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांत एक विचारणा पुन्हा पुन्हा होती: "सर, इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलताना शब्द आठवत नाही. रोज किती शब्द पाठ करावेत?" विचारणारी मुलं कन्नडची, पैठणची, सिल्लोडची. पदवी हातात आहे आणि वाळूजला किंवा शेंद्र्याला मुलाखतीला जायचं आहे. तेव्हा आज तत्त्वज्ञान जरा बाजूला ठेवू. अगदीच ठेवता येणार नाही, ती आमची जुनी खोड आहे.

'कॉन्फिडन्स' हाच शब्द घ्या. लॅटिनमध्ये 'फिदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे. आपल्या आत्मविश्वासात 'आत्म' आहे. इंग्रजी शब्दात तो नाही, हवा असेल तर 'सेल्फ' वेगळा जोडावा लागतो. 'टेक इन्टू कॉन्फिडन्स' म्हणजे तर दुसऱ्याला विश्वासात घेणं. म्हणजे बोलताना ऐकणाऱ्यावरही विश्वास ठेवावा लागतो. समोरचा माणूस आपल्या चुका मोजायलाच बसलाय असं धरून चाललात, तर हजारो शब्द पाठ असूनही दातखीळ बसणारच.

ही भीती आपल्या भागात जास्त का, याला थोडा इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ १८५७चं. त्यानंतर नव्वद वर्षं मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता, आणि १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. १९४८ला आपण मुक्त झालो. १९५०मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथं महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ला. घरात इंग्रजी कानावर पडत वाढलेली माणसं इथं फार उशिरा दिसू लागली. बहुतेकांना इंग्रजी भेटली ती पुस्तकातून, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणानं: इकडं मराठी वाक्य, तिकडं इंग्रजी. वाचण्या-लिहिण्याला ही पद्धत चांगलीच आहे, आम्ही तिला नावं ठेवणार नाही. पण बोलताना मनातल्या मनात भाषांतर करत बसायला वेळ कुठे असतो?

मग कोणते शब्द? आमचं मत असं, की आधी बोलणं सावरणारे शब्द शिकावेत. मराठी बोलताना आपण अडखळत नाही का? अडखळतो की! पण 'म्हणजे', 'काय आहे ना', 'थांबा हं' असे टेकू हाताशी असतात. इंग्रजीतले टेकू आपल्याला कुणी शिकवत नाही, म्हणून एक शब्द अडला की माणूस गप्प. 'लेट मी थिंक', 'व्हॉट आय मीन इज', 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे पाठ नव्हे, तोंडात बसले पाहिजेत. आणि 'काइंड ऑफ' तर फार उपयोगी. विळीला इंग्रजी शब्द आठवत नाही? 'अ काइंड ऑफ नाइफ, फिक्स्ड ऑन अ बोर्ड' म्हणा, काम भागलं. वेरूळला लेण्यांबाहेर वस्तू विकणारी माणसं परदेशी पर्यटकांशी कशी बोलतात, एकदा उभं राहून ऐका. व्याकरणाची दैना असते, पण व्यवहार होतो, थट्टामस्करीही होते.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली. त्यांचं म्हणणं, शब्दांनी आपण नुसती माहिती देत नाही, काहीतरी करतो. 'आय प्रॉमिस' म्हणणं हेच वचन देणं. हे धरून शब्दांची यादी वर्णानुक्रमानं न करता कृतीनुसार करावी: विनंती, नकार, मतभेद, आभार. विनंतीचंच पाहा. मराठीत आदर क्रियापदात असतो: दे, द्या, द्याल का. इंग्रजीत 'गिव्ह' एकच. आमचा एक विद्यार्थी, स्वभावानं अतिशय नम्र, एका कचेरीत 'गिव्ह मी फॉर्म' म्हणाला. त्याच्या मनात 'द्या ना साहेब' होतं. साहेबांना तो उद्धट वाटला. 'कुड आय हॅव अ फॉर्म, प्लीज?' यातला 'कुड' भूतकाळाचा नाही, तो आपल्या 'द्याल का'मधल्या आदराचं काम करतो. तसंच नकारात. 'आय ॲम अफ्रेड आय कान्ट' यात भीती औषधालाही नाही, नुसती दिलगिरी आहे. मतभेदासाठी 'यू आर राँग' सोडा, 'आय सी इट डिफरन्टली' म्हणा.

'डाउट'चंही एक आहे. आपल्या वर्गांत 'सर, डाउट आहे' सर्रास चालतं, आम्हालाही त्याची सवय आहे. पण बाहेरच्या माणसाला तो अविश्वास वाटू शकतो, तिथं 'क्वेश्चन' बरा. आणि 'शाय' व 'नर्व्हस' यांत गल्लत नको. 'शाय' हा स्वभाव झाला, 'नर्व्हस' ही त्या वेळची अवस्था. मुलाखतीत 'आय ॲम अ लिटल नर्व्हस' म्हणायला काहीच हरकत नाही. बऱ्याचदा ते बोलून टाकल्यावरच घशातला आवंढा उतरतो.

तर रोज पंधरा शब्दांचा नेम सोडा. आठवड्याला अशी पाच वाक्यं घ्या आणि मोठ्यानं म्हणा, एस.टी.त शेजारी मित्र असेल तर त्याच्याशी. पुढच्या वेळी उच्चारांकडे वळू. 'डेव्हलप' म्हणताना आपण जोर पहिल्या अक्षरावर देतो, इंग्रज दुसऱ्यावर देतो. तिथून सुरुवात करू.