पत्ता बरोबर, पान गायब!

गॅदरिंगची पोस्टर्स छापून आली आणि त्यावरचा पत्ता काही उघडेना. काम माझ्याकडे होतं. (मराठी कॉन्व्हेंटवालीचं आहे, सांभाळून घ्या!) 'फेस्ट' हे सबडोमेन टाइप केलं की थेट नोंदणीचं पान यायला हवं होतं. मी सीनेम रेकॉर्डमध्ये पानाचा अख्खा पत्ता स्लॅशसकट टाकला. पॅनेलने घेतलाच नाही. स्लॅशपुढचं काढलं तर घेतला, पण स्क्रीनवर एरर.

कारण डीएनएस पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलं, तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं. 'पान' ही भानगडच त्याला माहीत नाही. ए रेकॉर्ड नावाला आयपी पत्ता देतं, सीनेम एका नावाला दुसरं नाव. बस्स! गेटवरच्या वॉचमनकाकांसारखं: बिल्डिंग दाखवतील, खोली नाही.

खोली सांगायची सर्व्हरने. मग ए रेकॉर्डने 'फेस्ट' आमच्या सर्व्हरकडे वळवलं आणि त्याला सांगितलं, या नावाने कोणी आलं की ३०२ उत्तर देऊन नोंदणीच्या पानाकडे पाठव. ३०१ मुद्दाम टाळलं. ते कायमचं, ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वर्षी पान बदलणारच ना!

टीटीएल ३६०० सेकंद, म्हणजे जुनं उत्तर तासभर चिकटून. रात्री दीडला पान उघडलं, तेव्हा रूममेट घोरत होती.